मंडईला मिळालेले दोन होकार

वकीलसाहेब वाटेत भेटले की अजूनही मी त्यांना तोंडावर सांगतो, त्या सभेत माझ्या वेळेला लोक जास्त मोठ्याने ओरडले होते. ते हसतात. आता पुढचे दात नाहीत, पण हसणे तेच. "शेट, कागदावर काय आहे ते बघा," म्हणतात. कागदावर काय आहे ते मला चांगले ठाऊक आहे. तो कागद त्यांच्या कारकुनाने लिहिला. माझी बाजू लिहायला कुणी बसले नव्हते, म्हणून ती मीच लिहायला घेतली आहे.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताला तेव्हा मोठी मोकळी जागा होती. आम्ही तिला खळे म्हणायचो. भात झोडायचे खळे वेगळे, हे मासळी वाळवायचे. बायका ते शेणाने सारवून असे गुळगुळीत करत की जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरला तर त्याला खड्याचा कण लागू नये. पावसाळा सरून होड्या समुद्रात गेल्या की जागा भरायला लागायची. एका अंगाला जवळा, एका अंगाला मीठ लावलेला बांगडा, मधून चालायला पायवाट, आणि सगळीकडे कावळे हाकलणाऱ्या बायकांचा आरडाओरडा. वारा समुद्राकडून सरळ यायचा. त्या वाऱ्यात आणि उन्हात जवळा दीड-दोन दिवसांत असा कडक व्हायचा की मुठीत घेतला तर वाजायचा.

खळ्याच्या वरच्या टोकाला काळा कातळ होता. रस्त्यापासून दूर, थोडा चढावर. तिथे कुणी काही वाळवत नसे. कातळाला खाचा फार. पसरलेला जवळा गोळा करताना निम्मा खाचांत राहतो आणि दुपारच्या तापाने उरलेला करपतो.

मी सुरुवात केली ती याच खळ्यावर, डोक्यावर पाटी घेऊन. दुसऱ्याचा माल उचलून बंदरावर नेऊन टाकायचा. पुढे स्वतःचा थोडा माल घेतला, घाटावरच्या व्यापाऱ्यांशी बोलायला शिकलो, मग बैलगाड्या आंबा घाटातून वर जायला लागल्या आणि पोती आगबोटीने मुंबईला. भाव कसा करायचा हे मला कुणी शिकवले नाही. खळ्याने शिकवले. ओली मासळी दिवस मावळायच्या आत विकलीच पाहिजे, म्हणून ओल्या मासळीवाल्याला जो देईल तो भाव घ्यावा लागतो. सुकी मासळी थांबू शकते. समोरचा व्यापारी निघून जायला लागला तर जाऊ द्यावा, चार पावलांवर तो मागे वळतोच. आमचा सगळा धंदा त्या थांबण्यात होता, आणि थांबायचे तर आधी वाळवायला जागा पाहिजे. खळे गेले असते तर मी तर बुडालोच असतो, पण त्या बायकांनाही रोज संध्याकाळी पाटी खाली ठेवून येईल त्याच्या पाया पडावे लागले असते.

आणि नेमकी तीच जागा मंडई कमिटीला आवडली.

कमिटी म्हणजे गावातली पाच-सात मोठी माणसे आणि त्यांचे अध्यक्ष आमचे वकीलसाहेब. माणूस गोरा, उंच, बोलायला गोड, आणि कोर्टात उलटतपासणीला उभा राहिला की साक्षीदाराला स्वतःच्या बापाचे नाव आठवू नये असा. त्यांच्या मनात होते की रत्नागिरीला एक पक्की, कौलारू, दगडी जोत्याची मंडई हवी. भाजी, फळे, मासळी सगळे एका छपराखाली. मंडई नको असे मी तेव्हाही म्हटले नाही आणि आजही म्हणत नाही. पण रस्त्याला लागून, सपाट, वाऱ्याची जागा त्यांना कागदावर मोकळी दिसली. वरच्या कचेरीने त्यांना एकच अट घातली होती: लोकांना विचारा, कुणाची हरकत असेल तर ऐकून घ्या, आणि मग जागा मागा.

दवंडी पिटली गेली. 'मंडईच्या कामी कुणाची हरकत असल्यास शाळेत सभेला यावे हो.' खळ्यावर जिचा शब्द चालायचा ती मावशी, मी पाटी उचलायचो तेव्हापासून मला ओळखणारी, ढोल पुढे गेल्यावर मला म्हणाली, "हरकत म्हंजे काय रं? आमी तर आजवर 'हरकत न्हाय' एवढाच ऐकलाव."

"म्हणजे उभं राहून नाही म्हणायचं."

"मग तुलाच न्यायला पायजे. तू तर जेवायला वाढला तरी आधी न्हाय म्हनतंस."

सभा ठरली ती शिमग्यानंतर लगेचची. इथेच सगळे बिघडले. आमच्याकडे शिमगा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही. देवाची पालखी घरोघर येते. प्रत्येक दारात मानकरी देवाला गाऱ्हाणे घालतो. या घरातल्या लेकराबाळांना सुखी ठेव, समुद्रावर गेलेल्याला सुखरूप परत आण, जे काही वाकडे असेल ते सरळ व्हावे. तो एक वाक्य म्हणतो आणि थांबतो. तो थांबला की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचे, "व्हय म्हाराजा." तो पुढचे म्हणतो, थांबतो, पुन्हा "व्हय म्हाराजा." दारोदार, दिवसामागून दिवस. शिमगा संपतो तेव्हा माणसाच्या जिभेला इतकी सवय झालेली असते की बायकोने जेवायला हाक मारली तरी तोंडातून तेच बाहेर येते.

शाळेचा मोठा वर्ग खच्चून भरला होता. पुढे टेबल, टेबलामागे वकीलसाहेब, बाजूला कारकून दौत-टाक घेऊन. कमिटीच्या लोकांना खुर्च्या, आम्हाला सतरंजी. सगळ्यांत पुढे आमच्या वाडीतला एक म्हातारा बसला होता. पालखीसमोर "व्हय म्हाराजा"चा पहिला आवाज नेहमी त्याचा. गळा शंखासारखा, पण कान साफ गेलेले. गाऱ्हाणे कुठे थांबले ते तो मानकऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचा.

वकीलसाहेब ठराव वाचायला उभे राहिले. आता, सरकारी मराठी आणि गाऱ्हाण्याची मराठी यांच्यात एक गोष्ट अगदी सारखी आहे. दोन्हीतले वाक्य 'व्हावे', 'मिळावे', 'राहावे' असे संपते. त्यात वकीलसाहेबांना कोर्टातली सवय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज जरा चढवायचा, थांबायचे आणि समोर बघायचे.

"या गावच्या लोकांस ऊन-पावसापासून निवारा मिळावा," त्यांनी वाचले, आणि थांबून समोर पाहिले.

म्हाताऱ्याने त्यांच्या तोंडाकडे बघितले. "व्हय म्हाराजा," तो गरजला.

वर्गात खसखस पिकली. पण एकाने सुरुवात केल्यावर मागच्यांच्या जिभा काही ताब्यात राहिल्या नाहीत.

"बाजारास येणाऱ्या बायाबापड्यांस बसावयास पक्का ओटा मिळावा."

"व्हय म्हाराजा." आता निम्मा वर्ग.

"यासाठी बंदर रस्त्यालगतच्या मोकळ्या जागी मंडई उभी राहावी."

"व्हय म्हाराजा." सगळा वर्ग.

मी मागे वळून मावशीला म्हटले, "अगं, काय करता काय?" तिने एक हात तोंडावर दाबला होता आणि दुसऱ्या हाताने मला 'थांब, आता न्हाय म्हननार' अशी खूण केली.

"आणि सदर जागी मासळी वाळविण्याची वहिवाट आजपासून बंद व्हावी."

"व्हय म्हाराजा." छपराची कौले हलली. मावशीचा हात तोंडावरून केव्हाच खाली आला होता. माझ्या शेजारी बसलेला मुसलमान तांडेल, ज्याच्या होडीचा निम्मा माल त्याच खळ्यावर वाळत असे, तोही ओरडला. मी त्याच्याकडे बघितले तर तो खांदे उडवून म्हणाला, "सगळी म्हनतायत शेट. मी एकटा गप बसलो तर बरा दिसंल काय?"

कारकुनाने लिहिले: ठराव सर्वानुमते मंजूर. त्यावर वाळू टाकली, झटकली, आणि दौतीला बूच लावले. ते बूच मला अजून दिसते.

मी उठलो. कुणी बोला म्हणायची वाट बघितली नाही. "ही काय सभा झाली?" मी म्हणालो. "हे खळं आमच्या बापजाद्यांपासून चालत आलंय. ते आमच्याकडेच राहायला हवं."

म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे बघितले. "व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी सभा.

"मंडई दुसरीकडे बांधावी."

"व्हय म्हाराजा."

"आणि या कमिटीला देवाने सुबुद्धी द्यावी."

यावरचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठा झाला. रस्त्यावरची माणसे खिडक्यांशी आली. वकीलसाहेब खुर्चीत बसून डोळे पुसत होते, हसून. मी कारकुनाला म्हटले, "लिहा आता हे पण." त्याने दौतीकडे बोट दाखवले आणि शांतपणे म्हणाला, "बूच लावलं, शेट."

तर ही माझी तक्रार. एकाच सभेत, त्याच लोकांनी, एकाच तोंडाने दोन होकार दिले. पहिला कागदावर गेला आणि दुसरा, जो आवाजाने मोठा होता, तो एका बुचापायी हवेत विरला.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. बायकोने ताट वाढले आणि विचारले, "आमटी घालू?" मी पाट जरा पुढे ओढला. ती म्हणाली, "व्हय म्हाराजा म्हणा, म्हणजे घालते." मी ताटावरून उठणार होतो, पण त्या दिवशी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, आमटी होती, म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसून पान जुळवत होते. मला बघून त्यांनी आत सरबत सांगितले आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली. "काल बसायला दिली नाहीत ती आज देताय," मी म्हणालो, "मी उभाच बरा."

"उभे राहा. उभ्या माणसाचं बोलणं लवकर संपतं."

मग मी बसलो.

"लोक हो म्हणाले, शेट," त्यांनी सुरुवात केली. "मी काय करू?"

"लोक पालखीसमोर पण हो म्हणतात. म्हणून मानकरी काही मंडई बांधायला काढत नाही."

"बरं. मग ते हो खोटं धरू. तुमच्या वेळेला म्हणाले तेही त्याच हिशेबात खोटं."

"माझ्या वेळेला मोठ्याने म्हणाले."

"आवाजावरच सभा चालवायची तर अध्यक्ष त्या म्हाताऱ्याला करावं लागेल. मला चालेल. कोर्टात तरी वेळेवर जाता येईल." त्यांनी पान तोंडात टाकले. "हे बघा, त्यांनी दोघांनाही हो म्हटलंय. मंडई व्हावी यालाही हो, खळं राहावं यालाही हो. आता तुम्हीच सांगा दोन्ही कसं करायचं."

ते हे चेष्टेने म्हणाले. पण चेष्टेत समोरच्याने पहिला भाव उच्चारला की तो पकडायचा असतो. मी सरबत संपवले, भांडे खाली ठेवले आणि म्हणालो, "मंडई खाडीपलीकडे बांधा."

"आणि गिऱ्हाइकं काय पोहत जातील?"

"मग किल्ल्याच्या पायथ्याशी."

"तिथे वारा छपरासकट मंडई उचलून नेईल. शेट, काहीतरी माणसासारखं बोला."

"मग तुमच्या बंगल्यामागची आमराई आहे. जागा प्रशस्त आहे, सावली आहे."

ते झोपाळा थांबवून माझ्याकडे बघत राहिले. मी खांबावरचे कोरीवकाम बघत होतो. मग मी उठलो, वहाणा पायात घातल्या, पायरीपर्यंत गेलो. चार पावले. वकीलसाहेब मागून म्हणाले, "अहो थांबा. गावात सरकारी जागा म्हणून राहिलीच कुठली?"

"तेच तर," मी वळून म्हणालो. "आता वरचा तो कातळ आहे, पण तो काय तुमच्या कामाचा नाही. रस्त्यापासून दूर पडतो. पाया खणायला नको एवढाच त्यात फायदा. जाऊ द्या."

झोपाळ्याच्या कड्या पुन्हा करकरायला लागल्या. मग ते मोठ्याने हसले, इतके की आतून कुणीतरी बघायला आले. "तुम्हाला पहिल्यापासून कातळच हवा होता."

"मला कशाला हवा असेल कातळ?"

"मग आल्या आल्या का नाही म्हणालात?"

"आल्या आल्या म्हणालो असतो तर तुम्ही मला तिथून खाडीपलीकडे नेलं असतंत."

कातळ त्यांना पटला होता. पाया खणण्याचा त्रास वाचतो हे ते क्षणात समजले होते. पण सोडतील तर वकील कसले. म्हणाले, एक ठराव मंजूर आहे. तो फिरवायचा तर दुसरी सभा घ्यावी लागेल, लोकांना पुन्हा विचारावे लागेल, आणि या वेळी एकाही माणसाने तो शब्द उच्चारता कामा नये. उच्चारला तर पहिलाच ठराव वरच्या कचेरीत जाईल. मी म्हटले, माझीही एक अट. सभा शाळेत नको. खळ्यावर घ्या. आम्ही पण बसणार आमच्या जागेवर, तुम्ही पण बसा आमच्या जागेवर.

सभा आठ दिवसांनी ठरली, आणि तोवर मी वाडीवाडीतून फिरलो. मावशी माझ्यापुढे. "त्वांड बंद ठेवा गो," ती प्रत्येक दारात सांगायची. "एक शब्द बाहेर पडला तर खळा गेला समजा." म्हाताऱ्याचे काय करायचे हा मोठा प्रश्न होता. त्याला सभेला येऊ नको म्हणणे म्हणजे अपमान. शेवटी मावशीने त्याच्यासाठी एवढा मोठा विडा केला की तो तोंडात असेपर्यंत जीभ हलायला जागाच राहू नये.

सभा सकाळची. ऊन कोवळे होते, वारा सुटला होता. खळ्यावर एका बाजूला जवळा पसरलेलाच होता, कारण सभा म्हणून कुणी माल ओला ठेवत नाही. वकीलसाहेब धोतराचा सोगा हातात धरून, जवळ्यावर पाय पडू नये म्हणून उड्या मारत आले. कारकुनाचे टेबल पायवाटेवर मांडले. माणसे सगळी आली होती. म्हातारा पुढेच बसला, गाल फुगवून.

वकीलसाहेबांनी नवा ठराव वाचला. मंडई कातळावर व्हावी. खळे आहे तसे राहावे. ते थांबले आणि समोर बघितले.

कुणी हूं की चूं केले नाही. कावळा ओरडला तेवढाच.

"कुणाची हरकत?"

गप्प.

"बरं, कुणाची संमती?"

तेही गप्प. बायकांनी पदर दातांत धरले होते. तांडेल वर आभाळात बघत होता. मी इतका पक्का बंदोबस्त केला होता की हो म्हणायलाही कुणी तयार नव्हते. कारकुनाने टाक बुडवला, थांबला, पुन्हा बुडवला. "साहेब, काय लिहू?"

"माणसं आली होती, एवढं लिहा," वकीलसाहेब म्हणाले.

मी मावशीला खुणावले. तिने मान हलवली: नाही, तूच सांगितलंस. मग मी म्हटले, "अगं आता बोल." ती पदर न सोडता पुटपुटली, "तू आधी ठरव काय ता."

राग आला की माझे पाय आपोआप हलतात. मी उठून चालायला लागलो तो जवळच पालथी पडलेली पाटी दिसली. तिच्यावर उभा राहिलो. रोज सकाळी याच जागेवर, अशाच पाटीवर उभा राहून मी लिलाव पुकारत असे. आमच्या लिलावात जो बोलतो तो चढवतो. जो गप्प बसतो त्याला झालेला सौदा कबूल असतो. हे खळ्यावरच्या लहान पोरीलासुद्धा ठाऊक होते.

"मंडई कातळावर," मी लिलावाच्या आवाजात पुकारले. "मंडई कातळावर, खळं आपल्या जागेवर. बोला, चढवा. कातळावर एक वार."

सगळ्या माना एकदम वर झाल्या. पदर दातांतून सुटले.

"आनि पायऱ्या," मावशी ताडकन म्हणाली. "डोक्यावर पाटी घेऊन कातळ चढायला आमी काय शेळ्या हाव?"

मी वकीलसाहेबांकडे बघितले. ते गोंधळले होते, पण एकच क्षण. "पायऱ्या मान्य," ते म्हणाले.

"मंडई कातळावर, पायऱ्यांसकट. एक वार."

"पानी," तांडेल म्हणाला. "ओटे धुवायला पानी नसंल तर वास तुमच्याच घरात येनार, वकीलसायेब."

"विहीर मान्य. पण ती खळ्यात खणू."

"खळ्यात न्हाय," पाच-दहा बायका एकदम. "मंडईच्या मागं."

"मागे तर मागे," वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे चमकायला लागले होते. मला ते डोळे ओळखीचे. घाटावरचा नवखा व्यापारी पहिल्यांदा लिलावात उतरला की त्याचे असेच होते, माल हवा की नको हे विसरून बोलायची मजा चढते. "आणि आमचीही एक बोली," ते म्हणाले. "रस्त्याच्या कडेला पसरायचं नाही. कडेचा एक पट्टा मोकळा."

"किती?" मावशी.

"दोन माणसं जातील एवढा."

"एक मानूस. आनि त्यो पन बारीक."

"दीड," वकीलसाहेब म्हणाले, आणि खळ्यावर असा हशा झाला की वाळत घातलेल्या जाळ्यावरचे कावळे उडाले.

मागून एक तरुण बाई, कडेवर मूल घेऊन, हळूच म्हणाली, "मंडईच्या वाशांना कड्या ठेवा. पोरांची झोळी बांधायला." हे कुणाच्याच डोक्यात नव्हते. ना कमिटीच्या, ना माझ्या.

"कड्या मान्य," वकीलसाहेब म्हणाले. "प्रत्येक ओट्यावर एक."

"कातळावर, पायऱ्या, मागे विहीर, ओट्यावर कडी, रस्त्याला दीड माणसाचा पट्टा. एक वार." मी आजूबाजूला बघितले. "दोन वार." कुणी बोलेना. तांडेलाने तोंड उघडले होते, पण मावशीने त्याच्या पाठीत कोपर मारले. "तीन वार." मी पाटीवरून खाली उडी मारली. म्हातारा तोपर्यंत तोंडातल्या विड्यासकट शांत झोपी गेला होता.

कारकून पुन्हा विचारत होता, काय लिहू. वकीलसाहेबांनी सांगितले ते त्याने लिहिले: 'चर्चेअंती सर्वानुमते असे ठरले.' चर्चा. इतका चांगला लिलाव मी जन्मात पुकारला नव्हता आणि त्याला हा माणूस चर्चा म्हणाला. पुढे मंडई उघडली तेव्हा भाषणात अध्यक्षांच्या दूरदृष्टीचे आभार मानले गेले. दूर कुणाला दिसत होते आणि कुणाला खाडीपलीकडून कातळापर्यंत ओढत आणावे लागले, हे तिथे कुणी विचारले नाही.

पण ते नंतरचे. त्या सकाळी मी वकीलसाहेबांना म्हटले, कागद वाळायच्या आत हद्द मारून घेऊ. उद्यावर ठेवलेला सौदा सौदा नसतो. त्यांनाही चेव होता. होडीवरून एक लांब दोर आला. एक टोक त्यांनी धरले, एक मी. कातळ जिथे संपतो आणि सारवलेली जमीन जिथे लागते तिथून तो ताणायचा आणि चुन्याने रेघ ओढायची, असे ठरले.

वकीलसाहेब आपले टोक हळूहळू खळ्याच्या बाजूला सरकवत होते. सभ्यपणाने, गप्पा मारत मारत. मी माझे टोक कातळावर चढवत होतो, घसा खाकरत. मधे दोर बायकांच्या हातात होता आणि त्या काय करत होत्या ते देवाला ठाऊक. वकीलसाहेब म्हणायचे, "शेट, दोर ताणतोय," आणि मी म्हणायचो, "वाऱ्याने ताणतोय, साहेब." एकदा दोघांनीही एकदम ओढला, दोर सुटला आणि वकीलसाहेब पांढऱ्या धोतरासकट कातळावर बसले. त्यांनी उठायला हात पुढे केला तो मावशीने धरला. "बसा की वाईच," ती म्हणाली, "आता जागा तुमचीच हाय." ते तिथेच बसून राहिले आणि हसत राहिले, आणि मग मीही त्यांच्या शेजारी बसलो, कारण उभे राहून हसता येईना.

चुन्याची रेघ ओढली गेली तेव्हा ती काही सरळ नव्हती. रस्त्याकडे, वकीलसाहेबांच्या अंगाला ती खळ्यात उतरली होती आणि माझ्या अंगाला वर गेली होती, आणि मधे बायकांनी तिला चांगला पोटासारखा फुगवटा दिला होता, कातळाच्या बाजूला. वकीलसाहेबांनी डोळे बारीक करून बघितले. "ही रेघ अशी कशी?"

"कातळच असा हाय," मावशी म्हणाली.

गवंड्यांनी पुढे जोते त्या रेघेवरूनच घातले, म्हणून मंडईची पुढची भिंत आजही रस्त्याला तिरकी आहे. नवीन माणूस आला की विचारतो. आम्ही वाऱ्याचे काहीतरी कारण सांगतो.

वकीलसाहेब आणि कारकून टेबल उचलून निघाले. ते रस्त्याला लागायच्या आत बायकांनी पाट्या उपड्या केल्या. ओला जवळा हातांनी पसरत, मागे सरकत, त्या थेट चुन्यापर्यंत गेल्या, आणि मावशीने शेवटची मूठ रेघेवरच टाकली. चुना लागेल म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, "झटकून घेऊ," आणि आणखी एक मूठ रेघेच्या पलीकडे टाकली.